काचपट्टी ते धाराशिव

महिला दिन जवळ आला की लॅबवाल्यांची पॅकेजं निघतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सगळं सवलतीत. गर्भाशयमुखाची तपासणी त्यात असलीच तर तळाशी, ‘ऐच्छिक’ म्हणून. निरोगी दिसणाऱ्या बाईला तपासून तिचा मृत्यू टाळता येतो, हे पक्कं सिद्ध झालेल्या मोजक्या तपासण्यांपैकी ही एक. शिवाय तिच्या वंशावळीची एक मोठी शाखा मराठवाड्यात आहे.

मूळपुरुष जॉर्ज पापानिकोलाऊ. 1913 मध्ये ग्रीसहून न्यूयॉर्कला गेलेला हा डॉक्टर कॉर्नेलमध्ये गिनीपिगच्या मादीचं ऋतुचक्र अभ्यासत होता. योनीतला स्राव काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या. तीच रीत त्याने पुढे बायकांसाठी वापरली. त्याची पत्नी आंद्रोमाखी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत राहिली. तपासणीला नाव मात्र नवऱ्याचं लागलं. 1928 मध्ये त्याने काचपट्टीवर कॅन्सरच्या पेशी ओळखता येतात असं मांडलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेशही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. 1941 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउटबरोबरचा निबंध आला आणि ‘पॅप’ रुळली.

दुसरी शाखा जर्मनीतली, आणि काळवंडलेली. हॅम्बुर्गच्या हान्स हिन्सेलमानने 1925 मध्ये गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारा कॉल्पोस्कोप आणला. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं की गर्भाशयमुखावरचा बिघडलेला भाग पांढरा पडतो, हे याच परंपरेतलं ज्ञान. त्या कॉल्पोस्कोपीचे प्रयोग पुढे आउशवित्झमध्ये कैदी बायकांवर झाले.

नियमित पॅप झालेल्या देशांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले. आपल्याकडे ते जमेना. काचपट्टी रंगवायला लॅब हवी, वाचायला तज्ज्ञ हवा आणि रिपोर्ट घ्यायला बाईने पुन्हा यायला हवं. मजुरी बुडवून एकदा आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असं नाही. म्हणून अ‍ॅसिड कामी आलं: तीन ते पाच टक्क्यांचं, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. ते लावून मिनिटभर थांबायचं आणि उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून हे करवलं. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. 2013 मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या धाराशिवमधलं काम याहून मोलाचं. 1999 मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 52 गावसमूहांतल्या 1,31,746 बायकांचे चार गट केले: पॅप, व्हिनेगर, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आणि काहीच नाही. तिशी ते साठीच्या आतल्या या बायकांची तपासणी एकदाच झाली. 2009 मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला. एचपीव्ही गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या जरा लहान गटात 64. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत ठळक फरक दिसला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत या गावांचा वाटा आहे.

त्या 64 जणींवरून वादही झाला. तपासणीने जीव वाचतो हे इतरत्र दिसलेलं असताना तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवावं का? आपल्याकडे तेव्हा तशीही कुणाची तपासणी होत नव्हती, हे समर्थन मला पटत नाही. ती तर व्यवस्थेची नामुष्की. तिला प्रयोगाची सोय करून घेणं वाईटच.

2016 मध्ये केंद्राने तिशीपुढच्या बायकांसाठी पाच वर्षांतून एकदा व्हिनेगर तपासणी ठरवली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयातल्या ज्या बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली होती, त्या होत्या 1.9 टक्के. पांढरं जाणं, मधेच रक्त जाणं अंगावर काढणाऱ्या आपल्या घरात कमी नाहीत, आणि हा आजार सुरुवातीला तेवढीही खूण देत नाही. तेव्हा पुढच्या पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: यात एचपीव्ही आहे का?