रोजचा हशा आणि मार्च महिन्यातलं रडू



गेल्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीतलं मराठी कुटुंब पुण्याला परत गेलं. जपानमध्ये आर्थिक वर्ष आणि शाळेचं वर्ष, दोन्ही मार्चअखेर संपतात. त्यामुळे प्रोजेक्ट संपणं, घर रिकामं करणं आणि बॅगा भरणं, सगळं एकाच पंधरवड्यात उरकावं लागतं. त्यांचा मुलगा आणि आमची लेक दुसरीत एकाच वर्गात होते. मुसाशी-कोसुगी स्टेशनवर निरोप देऊन आम्ही घरी आलो. थोड्या वेळानं पाहिलं तर लेक 'डोरेमॉन'चं सहावं पुस्तक मांडीवर घेऊन रडत बसलेली. मला वाटलं, मित्र गेला म्हणून असेल. तिनं पुस्तकातली शेवटची गोष्ट दाखवली आणि रागानंच विचारलं, "बाबा, हे पुस्तक हसायचं आहे ना? मग हे असं का लिहिलंय?"

प्रश्न सोपा होता, पण मला उत्तर देता येईना. त्या उत्तराच्या शोधात मी जे वाचलं, पाहिलं, ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

विनोदी मालिकेतलं एखादं पात्र उचलायचं आणि त्याला गंभीर मालिकेत नेऊन बसवायचं, हा प्रयोग टीव्हीवर फार थोड्यांना साधला आहे. एका मालिकेच्या खोडाला फुटलेल्या अशा नव्या फांदीला 'स्पिन-ऑफ' म्हणतात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९७० ते १९७७ या काळात 'द मेरी टायलर मूर शो' ही अर्ध्या तासाची विनोदी मालिका चालली. तिच्यात मिनिॲपोलिसच्या एका टीव्ही केंद्राच्या बातमी विभागाचा खडूस साहेब होता, लू ग्रँट. एड ॲस्नर हा नट ते काम करायचा. स्टुडिओत प्रेक्षक बसलेले, साहेब ओरडला की हशा! मूळ मालिका मार्च १९७७ मध्ये संपली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 'लू ग्रँट' ही नवी मालिका सुरू झाली. तोच माणूस, तोच नट, पण आता तो लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात शहर विभागाचा संपादक. भाग एक तासाचा, आणि हशा पूर्ण बंद. विषय तर एकाहून एक जड. ॲस्नरला याच एका पात्रासाठी आधी विनोदी मालिकेचं आणि नंतर गंभीर मालिकेचं एमी पारितोषिक मिळालं. असं आधी कुणाच्याही बाबतीत झालं नव्हतं. ती मालिका १९८२ पर्यंत चालली.

आता माझ्यातला इंजिनिअर जरा बोलतो, सांभाळून घ्या. विनोदी मालिका म्हणजे रोज रात्री रीस्टार्ट होणारा कॉम्प्युटर. आज काहीही घोळ होऊ दे, उद्या सगळं पहिल्यासारखं! कालचा मार, कालचा अपमान, काही म्हणजे काही सेव्ह होत नाही. आणि म्हणूनच आपण निर्धास्त हसतो. गंभीर कथेत मात्र प्रत्येक गोष्ट सेव्ह होते. बोललेला शब्द परत घेता येत नाही, गेलेला माणूस पुढच्या भागात दारात उभा राहत नाही. म्हणजे पात्राला एका प्रकारातून दुसऱ्यात न्यायचं तर नुसता हशा काढून भागत नाही, त्याला स्मरणशक्ती द्यावी लागते.

अमेरिकेत हे दोन वेगळ्या मालिका करून साधलं. आमच्या कावासाकीच्या एका माणसानं तेच एका पात्राच्या घरात साधलं. त्याचं नाव हिरोशी फुजिमोतो, म्हणजेच 'फुजिको एफ. फुजिओ', डोरेमॉनचा बाप! जन्म १९३३ चा, तोयामा प्रांतातल्या ताकाओकाचा. पण १९६१ पासून अखेरपर्यंत तो राहिला कावासाकीच्या तामा भागात. आपल्यापैकी जे नाम्बू लाइननं ये-जा करतात, त्यांनी नोबोरितो स्टेशनवर डोरेमॉनची धून ऐकलीच असेल. तिथून बसनं गेलं की २०११ साली उघडलेलं त्याचं म्युझियम लागतं. पुढच्याच वर्षी आमच्या महापालिकेनं डोरेमॉनला रहिवासी दाखला दिला. त्याचा जन्म ३ सप्टेंबर २११२ चा, म्हणजे जन्माच्या बरोबर शंभर वर्षं आधी! आपल्याला साधा पत्ता बदलायचा तर वॉर्ड ऑफिसात नंबर लावून बसावं लागतं, ते सोडा.

डोरेमॉनची सुरुवात झाली ती शोगाकुकान या प्रकाशनाच्या मुलांच्या मासिकांतून, जानेवारी १९७० च्या अंकांपासून. ही मासिकं इयत्तेप्रमाणे वेगवेगळी असायची: पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं. एप्रिलमध्ये मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं मासिकही बदलायचं. फुजिमोतो एकाच महिन्यात वेगवेगळ्या वयांसाठी वेगवेगळ्या गोष्टी काढत असे.

माझ्या लेकीला रडवणारी गोष्ट तिसरीच्या मासिकात मार्च १९७४ मध्ये आली. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचं असतं. आपल्यामागे नोबिताचं कसं होणार, या काळजीनं त्याचा पाय निघत नाही. ते पाहून नोबिता रात्री एकटाच जियानशी भिडतो. खिशातलं एकही यंत्र नाही, मदतीची हाक नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला धरतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी नोबिता उठतो तेव्हा डोरेमॉन गेलेला असतो.

अंक मार्चचा होता, हे लक्षात घ्या. तिसरीचं वर्ष संपत होतं. ही मुलं आपला वर्ग सोडत होती आणि आपलं मासिकही. एप्रिलमध्ये चौथीचा अंक ज्यांनी उघडला, त्यांना डोरेमॉन परत आलेला दिसला. तेही कसा, तर एप्रिल फूलच्या निमित्तानं! बोललेलं सगळं खोटं ठरवणारं एक औषध नोबिता पितो, आणि डोरेमॉन आता परत येणार नाही असं म्हणतो. महिनाभर ज्या मुलांनी निरोप सोसला, त्यांना त्या विनोदाची किंमत कळली असणार.

टीव्हीवर मात्र असं काही जमणं कठीण होतं. २ एप्रिल १९७९ ला टीव्ही असाहीवर जी मालिका सुरू झाली, तिचा भाग होता दहा मिनिटांचा, सोमवार ते शनिवार, रोज संध्याकाळी. दहा मिनिटांत काय होणार? नोबिता रडत येणार, डोरेमॉन खिशातून काहीतरी काढणार, नोबिता त्याचा गैरवापर करून तोंडावर आपटणार. उद्या पुन्हा तेच. पोट धरून हसावं आणि जेवायला बसावं!

मग १५ मार्च १९८० ला पहिला मोठा चित्रपट आला, 'नोबिताचा डायनासोर'. लांबी सुमारे दीड तास. गोष्टीचं बीज फुजिमोतोच्याच १९७५ च्या एका लघुकथेत होतं. नोबिता डायनासोरचं अंडं उबवतो, पिल्लाला वाढवतो आणि शेवटी त्याला त्याच्या काळात, त्याच्या जातभाईंत सोडून येतो. आजही हा चित्रपट लागला की शेवटी आमच्या घरात नाक पुसण्याचे आवाज येतात, आणि त्यातला एक माझा असतो. टीव्हीची मालिका चालू राहिली, आणि काही अपवाद सोडले तर दर वर्षी चित्रपटही येत राहिले. १९८६ च्या चित्रपटात तर माणसांना गुलाम करायला निघालेलं यंत्रमानवांचं सैन्य आहे, आणि मन पालटलेली एक यंत्रकन्या पृथ्वी वाचवताना स्वतः नाहीशी होते.

इथे सगळ्यात पाहण्यासारखा आहे जियान. रोजच्या मालिकेत हा मुलांना बडवणारा दांडगट, चित्रपटात मित्रासाठी जीव धोक्यात घालतो. म्युझियमच्या बागेत एका विनोदी गोष्टीतला 'सुंदर जियान' पाण्यातून वर येतो. तो यंत्रानं बदललेला, गुळगुळीत. चित्रपटातला जियान बदललेला नसतो. तो तोच असतो, फक्त या वेळी त्याच्या वागण्याचा परिणाम पुसला जात नाही.

आपल्याकडे काय? आपल्या टीव्हीवर मला अशी फांदी सापडली नाही. दूरदर्शनवरचे चिमणराव शेवटपर्यंत चिमणरावच राहिले, आणि राहिले तेच बरं! आपल्याकडे पात्र सरकत नाही, नट सरकतो. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर १९९१ च्या 'चौकट राजा'त नंदू झाले. १९९२ च्या 'एक होता विदूषक'मध्ये पुलंच्या लेखणीनं लक्ष्मीकांत बेर्डेला सोंगाड्या केलं आणि त्या सोंगाड्याचं दुःख दाखवलं. लक्ष्या पडद्यावर आला की हसायचंच, अशी सवय लागलेल्या आपल्यालाच ते जड गेलं.

तरीही हे आपल्या रक्तात नाही असं कोण म्हणेल? गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेलं 'एकच प्याला' आठवा. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ यांना प्रेक्षक खळखळून हसतो. मग त्याच दारूनं तळीराम मरतो, सुधाकरचं घर बुडतं, आणि आपण कशाला हसलो होतो हे कळतं. 'बाळकराम' या नावानं विनोद लिहिणारे गडकरीच हे करू शकले.

फुजिमोतोही त्याच जातीचा. १९९६ च्या सप्टेंबरात तो गेला, तेव्हा एका नव्या मोठ्या डोरेमॉन कथेवर काम करत होता. ती सहकाऱ्यांनी पुरी केली आणि पुढच्या मार्चमध्ये तिचा चित्रपट आला. पुन्हा मार्च!

तर माझ्या लेकीला मी काय सांगितलं? म्हटलं, "बाळा, आपण नोबिताला रोज हसतो, म्हणून तो खोटा आहे असं नाही. त्यालाही मित्र गेल्यावर रडू येतं. ते एकदा तरी लिहायला नको का?" ती जरा विचारात पडली. मग नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "डोरेमॉन एप्रिलमध्ये परत आला. आपला मित्र येईल?"

खोटं ठरवणारं औषध माझ्याकडे नव्हतं. म्हणालो, "एप्रिलमध्ये नाही येणार. दिवाळीत आपण पुण्याला जाऊ."

तिकिटं काढली आहेत. फराळाच्या बदल्यात त्याला द्यायला लेकीनं सातवं पुस्तक बाजूला ठेवलंय, डोरेमॉन परत येतो ते.