कडकट्ट आणि सूर

मराठी घरात ‘तार आली’ एवढे शब्द कानी पडताच, लखोटा फोडण्यापूर्वीच रडारड सुरू होई. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी हा प्रसंग इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. तार वाचणाऱ्यांविषयी आपण बरेच लिहिले. ती कानांनी टिपून घेणारा तारमास्तर मात्र खिडकीआडच राहिला. इतिहास लिहायचाच तर तो त्याच्या कानाचा लिहावा, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी होटगीसारखे स्थानक सोयीचे आहे. जी.आय.पी. रेल्वे १८६० साली सोलापुरास पोहोचली आणि १८७१ साली रायचुरास मद्रासच्या लोहमार्गाला मिळाली. पुढे १८८० च्या दशकात सदर्न मराठा कंपनीचा मीटरगेज मार्ग गदगहून विजापूरमार्गे येऊन सोलापूरच्या आग्नेयेस होटगीला या मार्गास भिडला. कंपन्या दोन, रुळांच्या रुंदी दोन, भोवताली कानडी आणि मराठी अशा भाषाही दोन. माणसे आणि माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे. मोर्सच्या लिपीला मात्र रुळांच्या रुंदीशी कर्तव्य नव्हते. स्थानकावरच्या तारयंत्रातून येई तो केवळ ‘कडकट्ट’: दांडी खाली आपटल्याचा एक खटका, वर गेल्याचा दुसरा. दोन खटक्यांतले अंतर थोडे असेल तर टिंब, अधिक असेल तर रेघ. म्हणजे आवाज निमित्तमात्र. अर्थ त्यांच्यामधल्या शांततेत. छंद शिकवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

तारेवर हा खटका ठसठशीत येई. बिनतारी संदेशाची गोष्ट वेगळी. होटगीहून मुंबईच्या दिशेने याच लोहमार्गावर दोनशेएक किलोमीटर गेले की दौंड लागते. १९२७ साली मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ सेवा भारत आणि इंग्लंड यांच्यात सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहणाचे दौंडला. तिथे एका दिशेकडे रोखलेले आकाशक होते. इतर दिशांकडे पाठ फिरवून एकाच दिशेचे ऐकायचे, ही निवड अवकाशातली. सुरांतली निवड त्याआधीच सुरू झाली होती, आणि आमच्या मते ती अधिक मनोरंजक आहे.

आरंभीच्या बिनतारी यंत्रांत ठिणगी पडे. तिचा आवाज खरखरीत, आणि आकाशातल्या विजेचाही तसाच. संदेश कोणता आणि गडगडाट कोणता, हे ओळखणे अवघड जाई. सुमारे १९०८ पासून जर्मनीच्या टेलेफुंकन कंपनीने ठिणग्या इतक्या नियमित आणि जलद पाडल्या की खरखरीचा सूर झाला. तो सूर कोलाहलातूनही कानाला वेगळा सापडे. खटक्याला वेगळे काढता येत नाही, सुराला येते. पुढच्या साऱ्या गाळण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि जर्मनीत वाग्नर यांनी टेलिफोनच्या कामातून विद्युत गाळणीचे शास्त्र सिद्ध केले. १९३२ साली जेम्स लॅम्ब यांनी स्फटिकाची गाळणी बसवलेला ग्राहक हौशी मंडळींपुढे मांडला.

हिशेब सोपा आहे. आकाशातली खरखर सगळ्या कंप्रतांवर पसरलेली असते, मोर्सचा सूर एकाच जागी. बोलणे समजायला सुमारे २५०० हर्ट्झची खिडकी लागते. मोर्सला २५० पुरते. खिडकी दशांश केली की खरखरीची शक्तीही दशांश होते आणि सूर तेवढाच राहतो.

मग आणखी का आवळू नये? मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक टिंब ६० मिलिसेकंदांचे असते आणि दोन टिंबांमधली शांतताही तेवढीच. गाळणी २५ हर्ट्झपर्यंत अरुंद केली की ती घंटेसारखी घुमते. टिंब संपले तरी तिचा नाद मागे उरतो आणि शांतता बुजते. ज्यांनी मोडीचे कागद लावले आहेत त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल: अक्षरे सगळी हजर, पण शब्द कुठे तुटतो ते कळत नाही.

याहून गमतीचा प्रकार वळवाच्या दिवसांतला. सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की ढग दाटतात, आणि विजेचा प्रत्येक कडकडाट ग्राहकात शिरतो. अरुंद गाळणीवर तो आदळला की ती आपल्याच सुरात वाजते. कोणी न पाठवलेले टिंब ऐकू येते, आणि तेही नेमक्या हव्या त्या पट्टीत. (एकच सिद्धान्त घेऊन प्रत्येक कवितेत तोच शोधणारे समीक्षक आम्हांस इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. असो.)

बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांनी १९४० साली दाखवले की कानातही गाळणी असते. कान एखाद्या सुरावर लागला की त्याच्या आसपासचा अरुंद पट्टाच त्या सुराला झाकू शकतो, दूरची खरखर नव्हे. मोर्स ज्या सुरात सहसा ऐकतात, त्या ७०० हर्ट्झच्या आसपास हा पट्टा शंभर-दीडशे हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याच्या गुंजनात बसून स्वर शोधणाऱ्याला हे शास्त्राविनाही ठाऊक असते. फरक इतकाच की कानाची गाळणी टिंबांमधली शांतता बुजेल इतकी घुमत नाही. शिवाय तिच्या मागे भाषा जाणणारे मन असते, ते अर्धा शब्द ऐकून उरलेला जुळवते.

भारतातली सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हौशी बिनतारीवर मोर्स अजून वाजतो, आणि संगणकावर आता ५० हर्ट्झची गाळणीही एका कळीसरशी मिळते. तरीही संकेत अगदी क्षीण झाला की कित्येक जुने श्रोते गाळणी पुन्हा चारपाचशे हर्ट्झपर्यंत रुंद करतात, आवाज थोडा उतरवतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात.