पुरवठादारांची आचारसंहिता : वर्धा जिल्हा

पुरवठादारांची आचारसंहिता : एखादी व्यापारी संस्था ज्यांच्याकडून कच्चा माल, तयार जिन्नस अथवा मजुरीचे काम विकत घेते त्यांनी कायद्याचे व नीतीचे कोणते दंडक पाळले पाहिजेत हे ठरवून देणारा, आणि बहुधा खरेदीच्या करारनाम्यास जोडला जाणारा लेख. सक्तीची मजुरी व बालमजुरी यांस मनाई, ठरीव वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, कामगाराच्या जीविताची सुरक्षितता, लाचलुचपतीस प्रतिबंध, सांडपाण्याची योग्य विल्हेवाट आणि हिशेबाची दप्तरे तपासनिसास खुली ठेवण्याचे बंधन ही त्यातील नेहमीची कलमे होत. यांपैकी बरीचशी कलमे देशाच्या कायद्यात आधीच असतात. तरीही खरेदीदार ती पुन्हा लिहून घेतो, कारण सरकारी निरीक्षक जेथे वर्षानुवर्षे फिरकत नाही तेथे गिऱ्हाईक तुटण्याचे भय हे दंडाच्या भयापेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असा व्यवहारातील अनुभव आहे. अमेरिकेतील लेव्ही स्ट्रॉस या तयार कपड्यांच्या कंपनीने १९९१ मध्ये आपल्या पुरवठादारांसाठी अशा अटी जाहीर केल्या आणि तेथून या प्रथेचा आरंभ धरण्याचा परिपाठ पडला आहे. वर्धा जिल्ह्याचा इतिहास पाहता हा आरंभ निदान अर्धशतकाने मागे न्यावा लागतो.

पुरवठादारावर बाहेरून लादलेल्या नियमांची या जिल्ह्याला ओळख झाली ती कापसाच्या निमित्ताने. नागपूरपासून वेगळा काढून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासत होती, आणि हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस ही मध्य प्रांतातील सर्वांत नावाजलेली जात समजली जात असे. भाव चढताच भेसळही वाढली: रुईवर पाणी मारून वजन वाढवणे, सरकी व माती मिसळणे, आखूड धाग्याचा कापूस उत्तम कापसाच्या नावाने खपवणे हे प्रकार सर्रास होऊ लागले. मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध १८६३ मध्ये कायदा केला, तर मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याची कापूस-आयुक्त म्हणून नेमणूक झाली. पुढे १९२५ च्या कायद्याने प्रत्येक प्रेसने आपण बांधलेल्या गाठीवर स्वतःचा छाप व अनुक्रमांक उमटवावा असे बंधन घातले, त्यामुळे खराब गाठ मुंबईत उघडली तरी ती कोणत्या प्रेसमधून निघाली याचा माग लावणे शक्य झाले. आज ज्याला मोठ्या डौलाने मालाचा मागोवा म्हणतात त्याचे मूळ रूप ते हेच. मात्र या सर्व नियमांचा रोख रुईवर होता, रुई पिकवणाऱ्या माणसावर नव्हता. कापूस ओला असू नये याची दक्षता सरकारने घेतली. तो वेचणाऱ्या बाईच्या पदरी दिवसाकाठी काय पडते, किंवा अडत्याच्या दुकानी कडता, धर्मादाय व मापाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती उरते, याची विचारपूस मँचेस्टरच्या गिऱ्हाइकाने केली नाही व ती करणे त्याला आपले कर्तव्यही वाटले नाही. शेतकऱ्याच्या बाजूचा विचार मध्य प्रांताच्या १९३२ च्या कापूस बाजार कायद्यात काही अंशी झाला.

माल बनवणाऱ्या माणसाची स्थिती ही मालाच्या गुणवत्तेचाच एक भाग आहे, हा विचार नियमाच्या रूपाने प्रथम मांडला तो अखिल भारत चरखा संघाने. हा संघ सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे स्थापन झाला. गांधीजी त्याचे अध्यक्ष, शंकरलाल बँकर मंत्री आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज कोषाध्यक्ष होते. संघ ही कंपनी नव्हती, नफा वाटून घेणारे भागधारक त्याला नव्हते, आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय स्वरूपाचे असल्याने प्राप्तिकरास पात्र नाही असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९४४ मध्ये दिला. तथापि हजारो खेड्यांतून सूत विकत घेणारी, ते विणकरांकडे देणारी आणि भांडारांतून कापड खपवणारी ती एक अवाढव्य खरेदीदार संस्था होती, म्हणून प्रस्तुत विषयात तिचा विचार करणे युक्त ठरते. आरंभीच्या दहा वर्षांत संघाचे धोरण कोणत्याही व्यापाऱ्याच्या धोरणापेक्षा फारसे निराळे नव्हते. खादी गिरणीच्या कापडाशी स्पर्धा करू शकावी म्हणून तिची किंमत दरवर्षी उतरवणे हा पुरुषार्थ मानला जाई आणि किंमत उतरली की तिचा भार शेवटी कातणाऱ्या बाईवर जाऊन पडे. आठ तासांच्या कताईबद्दल तिला जेमतेम आणाभर, काही ठिकाणी त्याहूनही कमी मिळत असे. दुष्काळी भागात काहीच न मिळण्यापेक्षा एक आणा बरा, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, आणि आजही पुरवठादारांच्या कारखान्यांतील अल्प वेतनाचे समर्थन करताना तोच पुढे केला जातो.

गांधीजींनी हा युक्तिवाद १९३५ मध्ये मोडीत काढला. त्या वेळी त्यांचा मुक्काम वर्ध्यास मगनवाडीत होता. जमनालालजींनी दिलेल्या या बागेत डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय होते, आणि श्रीकृष्णदास जाजू हे त्याचे अध्यक्ष तर जे. सी. कुमारप्पा हे मंत्री होते. ग्रामोद्योग संघाच्या आश्रयाने होणाऱ्या कामात आठ तासांच्या कसून केलेल्या श्रमाबद्दल निदान शास्त्रीय आहारमानाप्रमाणे पोट भरेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, असा ठराव त्या वर्षी संमत झाला. आणि ऑक्टोबर महिन्यात वर्ध्यासच भरलेल्या चरखा संघाच्या बैठकीत कताईच्या मजुरीला तेच तत्त्व लावण्यात आले. आठ तासांना आठ आणे हे गांधीजींचे ध्येय होते. प्रत्यक्षात पहिली मजल तीन आण्यांच्या आसपासच गेली, पण हिशेबाची दिशा उलटली ही गोष्ट आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. पूर्वी बाजारातील किंमत आधी ठरे आणि तीतून मजुरी उरे; आता मजुरी आधी ठरून तिच्यावर कापडाची किंमत बेतली जाऊ लागली. ठराव कागदोपत्री सोपा असला तरी त्याचा पडताळा घेणारा कोणीतरी हवा होता, आणि तो वर्ध्यालगतच्या नालवाडीत निघाला. कताईवर माणूस खरोखर जगू शकतो की नाही हे पाहण्यासाठी विनोबा भावे यांनी तेथे दिवसाचे दिवस कातून त्या मजुरीत निर्वाह करण्याचा प्रयोग चालवला. खरेदीदाराच्या बाजूच्या माणसाने पुरवठादाराच्या मजुरीवर स्वतः जगून पाहावे, असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळा.

या तत्त्वाची अंमलबजावणी प्रमाणपत्रांच्या द्वारे होत असे. संघाच्या स्वतःच्या शाखांखेरीज जे उत्पादक व विक्रेते खादीचा व्यवहार करू इच्छीत त्यांना संघाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागे, आणि ते टिकवण्यासाठी मजुरी संघाने ठरवलेल्या दराने देणे, गिरणीच्या सुताचा व अप्रमाणित खादीचा स्पर्श दुकानास होऊ न देणे, विक्रीवरील नफा मर्यादित ठेवणे आणि हिशेब तपासणीस खुले करणे या अटी पाळाव्या लागत. सूत मोजण्याचे माप निश्चित होते: चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. गुंडीचे वजन करून सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, काढावा, ताण देऊन कस पाहावा, समानता नजरेने पारखावी आणि त्यानुसार मजुरीची नोंद कातणारणीच्या नावे व्हावी, अशी पद्धत असे. तिने स्वतः खादी वापरावी यावरही संघाचा कटाक्ष होता. हा कटाक्ष काहींना जाचक वाटला असेल, आणि तसे वाटण्यात गैर काही नव्हते, कारण मजुरी ज्याची त्याने ती कशी खर्चावी हे सांगण्याचा अधिकार दात्याला नाही. परंतु संघाच्या दृष्टीने कातणारीण ही नुसती मालाचे उगमस्थान म्हणून मोजायची बाब नसून स्वावलंबनाची पहिली हक्कदार होती.

परिणाम अपेक्षेप्रमाणे दुहेरी झाले. खादी महागली, गिऱ्हाईक कुरकुरले, आणि जुन्या दराने सूत घेऊन स्वस्त कापड विकणारे अप्रमाणित विक्रेते वाढले. खादीच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून मध्यवर्ती सरकारने १९३४ मध्ये कायदा केला होता खरा, पण तो हातकताई व हातविणाई यांपुरताच बोलत होता; कातणारणीला किती मजुरी दिली याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, आणि त्यामुळे अर्धपोटी राबवून काढलेले कापडही कायद्याच्या लेखी अस्सल खादीच ठरे. ही उणीव प्रमाणपत्राने भरून काढली. दुसरीकडे, वाढीव दर देऊन जाडेभरडे, तुटके सूत घेणे संघाला परवडेना. म्हणून पिंजण सुधारणे, पेळू एकसारखे करणे, चरख्याची चाती सरळ ठेवणे यांचे शिक्षण देणे भाग पडले, आणि नियम न पाळणाऱ्याला काढून टाकण्यापूर्वी तो पाळण्याजोगा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली.

संघाच्या या पद्धतीत मोठे वैगुण्यही होते, आणि त्याकडे भक्तिभावाने काणाडोळा करू नये. दर ठरवणारा, सूत पारखणारा, तक्रार ऐकणारा आणि प्रमाणपत्र रद्द करणारा एकच होता, व जिच्या नावाने हा सारा खटाटोप चालला होता त्या कातणारणीला निर्णय घेणाऱ्या मंडळात जागा नव्हती. आपल्या सुताचा अंक चुकीचा लावला असे तिला वाटल्यास दाद मागावयाची ती पुन्हा संघाच्याच कारभाऱ्याकडे.

वर्ध्याच्या परिसरातील इतर संस्थांनी हाच विचार आपापल्या मालाला लावला. नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचे कातडे कमावले जाई. कत्तलीच्या कातड्याला तेथे मज्जाव होता, त्यामुळे पुरवठ्याच्या उगमापर्यंत जाऊन खात्री करणे अपरिहार्य झाले. गोसेवा संघाने १९४१ नंतर सभासदांना गाईचेच दूध-तूप वापरण्याचे बंधन घातले. शहरास दूध पुरवणारे व गोरसपाकामुळे महाराष्ट्रभर माहीत असलेले वर्ध्याचे गोरस भांडार हे त्याच परंपरेतील.

चरखा संघाची शेवटची व सर्वांत धाडसी तजवीज सेवाग्रामला झाली. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये गांधीजींनी संघाच्या नवसंस्करणाचा विषय काढला आणि १९४५ पासून खादीच्या किमतीचा काही भाग पैशाऐवजी सुताच्या रूपाने देण्याची अट गिऱ्हाइकावर घालण्यात आली. पुरवठादाराला अटी घालणारे पुष्कळ असतात; येथे अट विकत घेणाऱ्याला होती. शहरी गिऱ्हाइकाला ती पेलली नाही आणि विक्रीच्या दृष्टीने ती फसली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. स्वातंत्र्यानंतर संघ सर्व सेवा संघात विलीन झाला, १९५६ च्या कायद्याने खादी व ग्रामोद्योग आयोग निर्माण झाला, आणि प्रमाणपत्राचे काम सरकारकडे गेले. २०१३ च्या नियमांपासून खादीवर ‘खादी मार्क’ असणे आवश्यक ठरले आहे. गोपुरीचे ग्रामसेवा मंडळ व मगन संग्रहालय समिती यांनी वर्ध्यात खादीचे काम चालू ठेवले आहे.

सांप्रतच्या आचारसंहितांचा पसारा याहून पुष्कळ मोठा आहे. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत एप्रिल २०१३ मध्ये कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा पुरवठादाराच्या कारखान्याविषयी आपल्याला ठाऊक नव्हते ही सबब युरोपातील कंपन्यांना पुरेनाशी झाली. जर्मनीत २०२३ पासून अशी माहिती ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. भारतात १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने बुडवलेली मजुरी देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती, आणि शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून उत्तरदायित्वाचा अहवाल सक्तीचा केला. विदर्भातील कापसापुरते बोलावयाचे तर ‘बेटर कॉटन’सारख्या योजनांत कीटकनाशकांचा वापर, पाण्याची बचत, बालमजुरीचा निषेध यांचे दंडक शेतकऱ्यांच्या गटांना शिकवले जातात; परंतु ‘बेटर कॉटन’च्या मूळच्या समतोल-नोंदीच्या पद्धतीत सदर शेतकऱ्याचाच कापूस सदर कपड्यात असला पाहिजे असे बंधन नव्हते, खरेदी व विक्रीच्या नोंदींचे वजन जुळले म्हणजे पुरे. १९२५ च्या गाठीवरील अनुक्रमांक याहून नेमका होता, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या संहितांचा खरा दोष कलमांच्या अपुरेपणात नाही. कलमे विपुल आहेत. अटी पाळण्याचा खर्च कोणी सोसावा हे त्यांत लिहिलेले नसते, आणि न लिहिलेला खर्च पुरवठ्याच्या शृंखलेच्या शेवटच्या कडीवर जातो. १९३५ चा वर्ध्याचा ठराव श्रेष्ठ ठरतो तो त्याने हा खर्च कापडाच्या किमतीत उघडपणे धरला म्हणून. खरेदीदारावर उलट बंधन घालणारी तरतूद भारतीय कायद्यात ठळकपणे आढळते ती २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात: सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे कराराप्रमाणे, व कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करावे लागते, न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन येणारा शेतकरी मात्र या कायद्याच्या व्याख्येतला पुरवठादार नव्हे. त्याचा व्यवहार १९६३ च्या कृषि उत्पन्न बाजार समिती कायद्याखाली होतो.