फ्रेडरिक सँगर यांची भाकड वर्षे

शास्त्रज्ञाने किती निबंध लिहिले आणि त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, हा हिशेब अलीकडे शास्त्राच्या दरबारात मोठ्या मानाने मांडला जातो. श्रोत्यांना वाटेल की ही रीत फार जुनी असावी. तसे नाही. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ साली अशी पहिली मोठी सूची छापून निघाली. जुन्या निबंधाचा धागा धरून पुढे त्याविषयी कोणी काय लिहिले हे अभ्यासकाला सापडावे, हा तिचा मुख्य हेतू. ग्रंथालयाच्या सोयीचे हे साधन हळूहळू माणसे तोलण्याचा तराजू झाले. २००५ साली हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्याने तर संबंध आयुष्याची कामगिरी एका आकड्यात बसवून दिली! आपल्याकडे २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणुका व बढत्यांसाठी निबंधांना गुण ठरवून दिले, हे येथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींना आम्ही सांगावयास नको.

या तराजूच्या पारड्यात आज आपण एकच माणूस बसवून पाहू. रेणवीय जीवशास्त्राची आजची इमारत ज्यांच्या हातच्या कामावर उभी आहे, ते केंब्रिजचे फ्रेडरिक सँगर.

त्यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यात झाला. घराणे क्वेकर पंथाचे. त्यामुळे महायुद्धात शस्त्र धरण्यास त्यांनी सद्सद्विवेकाच्या कारणावरून नकार दिला. आपण विद्यार्थी म्हणून काही विशेष तेजस्वी नव्हतो, असे ते स्वतःच सांगत. आईकडून थोडी संपत्ती आली होती म्हणून विद्यावेतनाची वाट न पाहता त्यांना संशोधनास आरंभ करता आला. १९४३ साली डॉक्टरेट मिळाली आणि ते इन्शुलिनच्या मागे लागले.

त्या काळी प्रथिन म्हणजे नक्की काय, याविषयीच एकमत नव्हते. अमिनो आम्लांचे मणी एकमेकांस जोडून ते बनते हे ठाऊक होते. पण त्या मण्यांना ठराविक क्रम असतो की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. सँगर यांनी एक पिवळा रंग देणारे रसायन घेतले. ते साखळीच्या मोकळ्या टोकाच्या मण्याला चिकटते. मग साखळी तोडायची, तुकडे गाळणकागदावर द्रावकाच्या ओढीने वेगवेगळे करायचे, आणि पिवळा मणी कोणता ते ओळखायचे. लहान लहान तुकड्यांवर हाच उद्योग शेकडो वेळा करून, फाटलेले पत्र जुळवावे तसे ते जुळवत जायचे. १९५१ साली ३० मण्यांची एक साखळी उलगडली, १९५३ साली २१ मण्यांची दुसरी, आणि १९५५ साली त्या दोहोंस सांधणारे गंधकाचे पूलही सापडले. ५१ मण्यांसाठी दहाबारा वर्षे! त्याबद्दल १९५८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि येथूनच आमच्या मते खरा इतिहास सुरू होतो.

इन्शुलिननंतरच्या काळाविषयी सँगर यांनी उतारवयात मोकळेपणाने लिहिले आहे. तो काळ कसाचा नव्हता, असे ते सांगतात. गाय आटली की आपण तिला भाकड म्हणतो. तशीच ही वर्षे. किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण लावून विकरांचा कार्यकारी भाग शोधण्याचे काम चालू होते. काही निबंधही निघाले, परंतु इन्शुलिनच्या तोडीचे काही हाती लागले नाही. पुढे त्यांनी आरएनएचा क्रम लावण्यास घेतले, तर तेथे अमेरिकेतील रॉबर्ट हॉली यांनी १९६५ साली बाजी मारली. सँगर यांचा स्वतःचा १२० अक्षरांचा आरएनए पुरा वाचून झाला तो १९६७ साली. नंतर पुन्हा दहा वर्षांची चिवट खटपट.

त्यांच्याच प्रयोगशाळेतील सहकारी सिडनी ब्रेनर यांनी सँगर यांच्या मृत्यूनंतर यावर नेमके बोट ठेवले. १९५२ पासून १९६७ पर्यंत आणि तेथून १९७७ पर्यंतची ही दोन मोठी खिंडारे पाहून आजच्या एखाद्या समितीने त्यांच्यावर अनुत्पादक असा शिक्का मारला असता आणि त्यांचे तुटपुंजे साहाय्यही बंद केले असते, असे ब्रेनर यांचे म्हणणे. गायीची उपमा पुढे न्यायची तर भाकड जनावर बाजारात गेले असते!

ते गेले नाही, याचे श्रेय मेडिकल रिसर्च कौन्सिलला दिले पाहिजे. या संस्थेने सँगर यांना १९५१ पासून पदरी ठेवले, शिकवण्याचा बोजा त्यांच्यावर टाकला नाही, आणि १९६२ साली केंब्रिजच्या नव्या प्रयोगशाळेत जागा दिली. नोबेल पारितोषिकाच्या वजनाचाही उपयोग झालाच. ते वजन नसते तर एवढा धीर कोणी धरला असता काय, ही शंका आम्हांस येते. पारितोषिक न मिळालेल्या सँगरांचे काय, याचे उत्तर कोणत्याही सूचीत नाही.

१९७७ साली डीएनएचा क्रम वाचण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. कल्पना पाहाल तर किती सोपी! डीएनएची नक्कल तयार होत असताना तीत थोडे असे मणी मिसळायचे की ज्यांचे पुढच्या बाजूचे भोक बुजलेले आहे. असा मणी ओवला गेला की माळ तेथेच खुंटते. सर्व लांबींच्या अर्धवट माळा मिळाल्या की त्या लांबीप्रमाणे लावायच्या आणि अक्षरे खालून वर वाचत जायची. त्याच वर्षी एका विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा डीएनए त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला. १९८१ साली मानवी पेशीतील मायटोकॉन्ड्रियाची १६,५६९ अक्षरे. १९८० साली दुसरे नोबेल आले. पुढे मानवाचा समग्र जनुकसंच वाचला गेला तो याच पद्धतीच्या सुधारलेल्या यंत्रांवर.

आता तराजूला न्याय देणे प्राप्त आहे. २०१४ साली ‘नेचर’ साप्ताहिकाने सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची यादी दिली, तीत सँगर यांचा १९७७ चा निबंध ६५ हजारांहून अधिक उल्लेखांसह चौथा होता. पहिला कोणता? प्रथिनाचे प्रमाण मोजण्याची ऑलिव्हर लाउरी यांची १९५१ सालची कृती. तीन लाखांवर उल्लेख! डीएनएच्या दुहेरी गोफाचा शोध मात्र त्या शंभरांत नाही. रोजच्या वापरातली कृती सांगणाऱ्याचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, म्हणून हे असे होते. सँगर हे जातीचे साधनकार, तेव्हा त्यांना या हिशेबाने अखेर भरभरून दिले. मात्र ते माप पदरात पडले सारे काम आटोपल्यावर; १९६० साली समितीपुढे ठेवावयास त्यातले काहीच नव्हते.

सँगर १९८३ साली, ६५ व्या वर्षी, प्रयोगशाळेतून उठले ते थेट बागकामास लागले. ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ते वारले. १९४४ ते १९८३ या काळातील त्यांच्या प्रयोगांच्या ३५ वह्या जपून ठेवलेल्या आहेत. भाकड वर्षांचे प्रयोगही त्यांतच आहेत.