टोपी आणि डोकं

परवा नातू इस्तंबूलचे फोटो दाखवत होता. आया सोफिया दिसली तसा मी म्हणालो, "हे संग्रहालय ना रे?" तो म्हणाला, "नाही आजोबा, २०२० पासून पुन्हा मशीद झालीये. खाली लोक नमाज पढत होते, आम्ही वरच्या सज्जातून पाहिलं."

मला एकदम माझा वर्ग आठवला. केमाल पाशा शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने करायचो, 'जुने' आणि 'नवे'. ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द. (जिच्यासाठी आपल्याकडे गांधीजी आणि अली बंधूंनी चळवळ केली, तीच!) १९२५ मध्ये फेज टोपीवर बंदी. १९२६ च्या कायद्याने बहुपत्नीत्व बंद. १९२८ पासून रोमन लिपी. १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार. मुलं उतरवून घ्यायची, तास संपायचा.

एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, टोपी बदलली की डोकं बदलतं का?" वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं.

निवृत्तीनंतर निवांत वाचन झालं, तेव्हा कळलं की प्रश्न बरोबर होता. ज्या फेजला केमाल यांनी जुनाट ठरवलं, ती १८२९ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने पागोट्याऐवजी 'सुधारणा' म्हणूनच आणली होती! शंभर वर्षांत तीच धर्माची खूण झाली आणि तिच्यावरच्या बंदीला विरोध करणारे काहीजण फासावर गेले.

दुसरी गोष्ट आम्ही कधी शिकवलीच नाही. खिलाफत गेली त्याच दिवशी 'दियानत' नावाचं सरकारी धर्मखातं स्थापन झालं. म्हणजे धर्म सरकारपासून वेगळा केला नव्हता, सरकारच्या ताब्यात घेतला होता. आजही तिथले इमाम सरकारी पगारदार आहेत.

१९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत द्यायचा हुकूम झाला. १९४१ मध्ये तर अरबी अजानीला शिक्षाही ठरली. १९५० मध्ये मेंदेरेस यांचा पक्ष निवडून आला आणि महिनाभरातच, १६ जूनला, ती बंदी उठली. केमाल यांच्या पक्षानेही विरोध केला नाही. लोकांचं मन कुठे आहे ते मतपेटीने दाखवलं होतं. पुढे १९६० मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९६१ मध्ये मेंदेरेस यांना फाशी दिलं.

डोक्यावरचा रुमाल हा त्याच भांडणाचा पुढचा भाग. रुमाल बांधला म्हणून कितीतरी मुलींना विद्यापीठाच्या दारातून परत जावं लागलं. १९९९ मध्ये निवडून आलेल्या मेर्वे कावाकची यांना त्यासाठीच संसदेत शपथ घेऊ दिली नाही. २०१३ मध्ये मात्र रुमाल बांधलेल्या चार महिला खासदार सभागृहात बसल्या.

ही बंदी एर्दोगान यांच्या काळात गेली, हे चांगलंच झालं. पण धर्मखातं काही गेलं नाही. उलट २०१८ मध्ये ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली आलं. एकाने धर्म आवरायला जे खातं काढलं, तेच दुसऱ्याला धर्म पसरवायला उपयोगी पडलं.

केमाल यांचं मोठेपण मी नाकारत नाही. स्त्रियांना मिळालेले हक्क खरेच होते. पण बाईने डोक्यावर काय घ्यावं, हे दोन्हीकडच्या पुरुषांनीच ठरवायचं, हे मात्र फारसं बदललं नाही.

असो. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे भेटला तर सांगेन, "बाळ, त्या दिवशी खाली बसायला हवं होतं ते मी."