मिल हिलचा उंदीर आणि ‘सॉक्स’चं कुटुंब

‘बॅटमॅन बिगिन्स’ पाहिला असेल, तर त्यातलं आर्कम असायलम बाहेरून कसं दिसतं ते तुम्हाला आठवत असेल. ती हिरव्या छपराची इमारत खरोखरच उत्तर लंडनमधल्या मिल हिलला होती. तिथे वेड्यांचं इस्पितळ नव्हतं, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च होती. आता ती पाडून घरं बांधली आहेत. आजची गोष्ट बरीचशी तिथली.

गर्भ मुलाचा होणार की मुलीचा, हे ‘वाय’ गुणसूत्र ठरवतं, हे १९५९ साली स्पष्ट झालं. एडिनबरात पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांना दोन ‘एक्स’ आणि एक ‘वाय’ असलेला पुरुष सापडला. म्हणजे ‘एक्स’ किती आहेत याला महत्त्व नाही, ‘वाय’ आहे की नाही याला आहे. (‘वाय’ येतो बापाकडून. आपल्याकडे मुली झाल्या म्हणून बोलणी मात्र सुनेनंच खाल्ली, १९५९नंतरही.)

पण ‘वाय’वरचं नेमकं कुठलं जनुक? सुमारे सहा कोटी अक्षरांत ते शोधायचं कसं? युक्ती अशी, की अपवाद बघायचे. काही पुरुषांमध्ये दोन्ही गुणसूत्रं ‘एक्स’ असतात, पण त्यातल्या एकाला ‘वाय’चा छोटासा तुकडा चिकटलेला असतो. ज्याचा तुकडा सगळ्यात लहान, त्याच्यातच ते जनुक असणार. १९८७ साली अमेरिकेत डेव्हिड पेज यांनी याच वाटेनं एक जनुक शोधलं, आणि शोध संपला असं सगळ्यांना वाटलं. दोनच वर्षांत लंडनमध्ये पीटर गुडफेलो यांच्या गटाला असे पुरुष सापडले, ज्यांच्याकडे ‘वाय’चा तुकडा होता पण पेज यांचं जनुक नव्हतं. शोध पुन्हा सुरू. आता उरली होती जेमतेम पस्तीस हजार अक्षरं. त्यात अँड्र्यू सिंक्लेअर यांना जे मिळालं, ते म्हणजे एसआरवाय. जुलै १९९०.

‘नेचर’च्या त्याच अंकात मिल हिलच्या रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटाचा निबंध होता, आणि मला तो जास्त आवडतो. उंदराचं हेच जनुक शोधताना त्यांना त्याची भावंडं दिसली! डीएनएला धरणारा भाग सारखा, पण ही भावंडं ‘वाय’वरची नव्हती, त्यांचं काम गर्भात भलतीकडेच चाललं होतं. ‘एसआरवाय बॉक्स’वरून कुटुंबाचं नाव पडलं सॉक्स. माणसात अशी वीस जनुकं आहेत. त्यांची प्रथिनं स्वतः काही बांधत नाहीत, दुसऱ्या जनुकांच्या कळा दाबतात. अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

पुरावा १९९१ साली आला. दोन ‘एक्स’ असलेल्या उंदराच्या गर्भात फक्त एसआरवाय असलेला चौदा हजार अक्षरांचा तुकडा घातला, आणि नर जन्माला आला. त्याचं नाव रँडी. त्याला वृषण होते, माद्यांमागे तो नेहमीच्या नरासारखाच लागायचा. शुक्राणू मात्र नव्हते.

म्हणजे एसआरवाय हाच सूत्रधार? तसं नाही. तो थोडाच वेळ रंगमंचावर येतो, भावंडाला म्हणजे सॉक्स-९ला ढकलतो आणि निघून जातो. पुढचं सगळं सॉक्स-९ सांभाळतं. ते फक्त वृषणांपुरतं नाही, कूर्चाही घडवतं; म्हणून १९९४ साली त्यातले बिघड कॅम्पोमेलिक डिस्प्लेजिया या आजारात सापडले. हाडं वाकलेली, श्वासनलिका कमकुवत, आणि ‘एक्सवाय’ असलेल्या बऱ्याच बाळांचं शरीर मुलीचं. सॉक्स-२ बिघडलं तर बाळ डोळ्यांविना जन्मू शकतं. हे २००३ साली एडिनबराच्या गटानं दाखवलं. आणि २०१८ साली लव्हेल-बॅज यांच्याच गटानं उंदरात सॉक्स-९पासून दूर असलेली ५५७ अक्षरं काढून टाकली. एसआरवाय जागेवर होतं, तरी ‘एक्सवाय’ पिल्लांना बीजांडकोश आले.

हे सगळं डोक्यात ठेवून आता मैदानाकडे बघा. १९९२च्या हिवाळी ऑलिम्पिकपासून महिला खेळाडूंची एसआरवाय चाचणी सुरू झाली. अटलांटाला १९९६ साली ३,३८७ जणींपैकी आठ जणींमध्ये ते जनुक निघालं. आठही जणींना खेळू दिलं, कारण बहुतेकींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण दाद देत नव्हतं. १९९९ साली ऑलिम्पिक समितीनं सरसकट चाचणी बंद केली. संशयावरून होणाऱ्या चाचण्या मात्र थांबल्या नाहीत: २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं ८०० मीटरचं रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं गेलं.

सप्टेंबर २०२५पासून वर्ल्ड ॲथलेटिक्सनं जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय चाचणी सक्तीची केली. त्याविरुद्ध जाहीर लिहिणाऱ्यांत सिंक्लेअर स्वतः होते. त्यांचं म्हणणं सरळ आहे: चाचणीतून एवढंच कळतं की जनुक आहे की नाही. त्यानं काम केलं का, वृषण बनले का, टेस्टोस्टेरॉन तयार झालं का, आणि झालंच तर शरीराला ते वापरता आलं का, यातलं काहीच कळत नाही.