एकट्याचा लपंडाव

लपंडाव एकट्यानें खेळतां येत नाहीं, हें लहान मुलालाहि कळतें. कोणी तरी लपावें, कोणावर तरी राज्य यावें, आणि आपण दिसलों कीं नाहीं हें लपणाऱ्याला ठाऊक नसावें, तेव्हांच त्या खेळाला रंग चढतो. असें असतां, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाच्या भूमिका-खेळांच्या कर्त्यांनीं अमेरिकेंत आणि इंग्लंडांत गेलीं पन्नास वर्षें नेमकी हीच अवघड खटपट चालविली आहे. घरीं एकट्यानें बसून, चोरपावलांनीं वाड्यांत शिरण्याचें साहस खेळूं इच्छिणारा रसिक शोधास निघाला, तर त्याला तलवारीचीं साहसें हवीं तितकीं सांपडतात. चोरपावलांचीं मात्र शोधून काढावीं लागतात. असें कां व्हावें, आणि जीं थोडीं आहेत त्यांतून चांगलें कसें ओळखावें, याचा विचार इतिहासाच्या आधारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम राज्य कोणावर होतें तें पाहूं. प्रशियांत १८२४ सालीं रायस्विट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत दोन पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. कोणाच्या दृष्टीस शत्रूचें किती सैन्य पडावें हें तोच ठरवी. उरलेलें त्याच्या पोटांत राही. लपण्याची कला खेळांत आली ती या तिसऱ्या मनुष्याच्या आश्रयानें. पुढें युद्धखेळांच्याच परंपरेंतून १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेंत निघाला, आणि पंचाचा सूत्रधार झाला. भुयाराचा नकाशा त्याच्यापाशीं, पहारेकरी त्याच्या मुठींत. खेळाडूनें ‘मी दाराशीं कान लावतों’ एवढेंच म्हणावयाचें. पुढल्याच वर्षीं ‘ग्रेहॉक’ या पुरवणींत चोर ही स्वतंत्र भूमिका अवतरली.

या चोराची स्थिति मोठी केविलवाणी होती. १९७८ च्या नियमपुस्तकाप्रमाणें नवशिक्या मानवी चोराला निःशब्द चालणें शंभरांत १५ वेळां, आणि सावलींत लपणें शंभरांत १० वेळां साधे. दोन्ही एकदम साधावयाचीं म्हटलें तर हिशेब हजारांत १५ वर येतो! तलवारबाजाचा घाव चुकला तर तो पुन्हां घाव घालतो. चोराचा फांसा एकदां चुकला कीं साहसच संपतें. चोरपावलांच्या साहसांचा तुटवडा कां, याचें एक कारण या हिशेबांत आहे. दुसरें कारण याहून खोल आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत स्पष्ट सांगितलें आहे कीं, हे फांसे सूत्रधारानें गुप्तपणें टाकावेत, आणि आपण कोणाला दिसत नाहीं असेंच चोराला वाटत राहावें. चोराच्या काळजाला जी धडधड लागते ती या न कळण्यानें. आतां सूत्रधारच उठून गेला, तर हा गुप्त फांसा टाकावयाचा कोणीं?

याचें पहिलें उत्तर ग्रंथांनीं दिलें. १९७६ सालीं, ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळासाठीं, रिक लूमिस यांचें ‘बफेलो कॅसल’ निघालें. वाचकानें एक वाट निवडावी, सांगितलेला परिच्छेद उघडावा, आणि तेथें काय वाढून ठेविलें आहे तें पाहावें, अशी त्याची रीत. सूत्रधार कागदांत विरघळला. परंतु ती कथा लढवय्याची होती. १९८२ सालीं स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांच्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या चारशें परिच्छेदांच्या पुस्तकानें इंग्लंडांतील मुलांना वेड लाविलें. त्यांत ‘नशीब’ नांवाचा एक आंकडा आहे. जितक्या वेळां त्याची परीक्षा पाहावी तितक्या वेळां तो एकेकानें घटतो. चोराच्या धैर्याचें याहून नेटकें गणित आम्हांला ठाऊक नाहीं. तरीहि त्या मालिकेंत खरा चोर यावयास १९८७ साल उजाडलें. ग्रीम डेव्हिस यांच्या ‘मिडनाइट रोग’ या पुस्तकांत वाचक पोर्ट ब्लॅकसँड या बदनाम शहरांतील चोरांच्या संघाचा उमेदवार होतो, आणि एक मौल्यवान रत्न चोरून आणणें ही त्याची परीक्षा. चढणें, लपणें, कुलूप उघडणें अशा विद्यांतून तीन निवडून त्यानें बाहेर पडावयाचें.

हें पुस्तक आम्हांला प्रिय आहे. पण त्याचें उणें सांगितलेंच पाहिजे. त्यांत विद्या ही बहुधा किल्लीसारखी वागते: असेल तर दार उघडतें, नसेल तर अडतें. शिवाय पुढल्या परिच्छेदांत बोट अडकवून, संकट दिसतांच मागें फिरण्याचा मोह कोणाला आवरतो? आम्हांलाहि तो आवरला नाहीं, हें कबूल केलेलें बरें. छापील पहारेकऱ्याला डोळे नसतात.

मग चोरपावलांची खरी गोडी कशांत? वाचकांस ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकांतील शर्विलक आठवावा. मापाची दोरी विसरला म्हणून तो जानव्यानें भिंत मोजतो. पाडलेल्या खिंडारांतून स्वतः शिरण्यापूर्वीं माणसाचें सोंग आंत ढकलतो. निजलेले खरोखर निजले आहेत कीं नाहीं याची परीक्षा घेतो. शेवटीं किडा सोडून दिवा मालवितो. त्याचें एकेक पाऊल म्हणजे अंधाराला विचारलेला एकेक प्रश्न आहे, आणि उत्तर येईपर्यंत प्रेक्षकाचाहि श्वास अडकतो.

अलीकडच्या कर्त्यांना हेंच सुचलें. ताना पिजन यांच्या ‘मिथिक’ या २००३ च्या ग्रंथानें सूत्रधाराच्या जागीं कौल बसविला. ‘पहारेकरी जागा आहे काय?’ असें विचारावें, होकार किती संभवतो तें ठरवावें, आणि फांसा टाकावा. उत्तर कोठेंहि लिहून ठेविलेलें नसल्यामुळें चोरून पाहण्यासारखें कांहींच उरत नाहीं. शॉन टॉमकिन यांच्या ‘आयर्नस्वॉर्न’ (२०१८) या खेळांत नायकाच्या पांच गुणांपैकीं ‘छाया’ हा एक आहे. लपणें व फसविणें त्याच्यावर चालतें. फांशाचे निकाल तीन: पूर्ण यश, किंमत देऊन मिळालेलें यश, आणि अपयश. ‘हजारांत १५’ च्या जाचांतून चोर सुटला तो या मधल्या निकालानें. जॉन हार्पर यांचा ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) हा मुळांत मंडळींनीं मिळून खेळावयाचा. पण त्यांतलें घड्याळ एकट्यानेंहि अवश्य उसनें घ्यावें. एका वर्तुळाचे चार, सहा किंवा आठ भाग करावेत. प्रत्येक चुकीबरोबर एकेक भाग काळा करावा. वर्तुळ भरलें कीं वाडा जागा झाला. एका फांशावर टांगलेलें नशीब अशा रीतीनें रात्रभर पुरतें.

सारांश, शोध करणाऱ्यानें तीन गोष्टी पाहाव्यात. चूक झाली कीं लगेच तलवार काढावी लागते, कीं संशयाला वाढावयास अवकाश मिळतो? पहारेकऱ्याला स्वतःचा काळ आणि स्वतःची वाट आहे काय? आणि रक्ताचा थेंब न सांडतां साहस शेवटास जातें काय? तिन्हींचें उत्तर अनुकूल असलें तर तें पुस्तक घरीं आणावें.

परंतु कौल लावला तरी तो मानणारे आपणच असतों. फांसा नको तसा पडला, पाहणारें कोणी नाहीं, आणि तो हळूच उलटावा असें बोटांना वाटतें. अशा वेळीं जो त्याला तसाच राहूं देतो, त्याच्याच वाट्याला चोराची खरी धडधड येते. एकट्याच्या लपंडावांत राज्य अखेर आपल्यावरच असतें, आणि डोळे प्रामाणिकपणें मिटावे लागतात.